न मेलेल्या पेशी

राहुरीजवळच्या प्रयोगशाळेत चोरी झाली होती, आणि चोर कोण ते सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी औषध घालूनही मेल्या नव्हत्या. म्हणजे कुपीत औषधाऐवजी पाणी! संशोधक पंकजाची आई, छबूबाई, याच औषधावर होती. तेव्हा औषध पंकजानेच पळवलं असणार. संध्याकाळी तिला कामावरून काढून टाकणार होते. म्हणून तिने गुप्तहेर निवेदिताबाईंना बोलावलं.

“बाई, मी थेंबभरबी घेतलं न्हाई,” ती रडत म्हणाली.

निवेदिताबाईंचा सहकारी शामकांत विरघळला, पण त्याचा संशय काही जाईना. आईसाठी माणूस काय नाही करत!

“पेशी वाढवायच्या नव्या डिशमध्ये औषध घालूनही सगळ्या पेशी जिवंत आहेत,” प्रमुख रविराज सर कडाडले. “एका जुन्या डिशमधल्या तेवढ्या मेल्या. त्या अशक्तच होत्या, पाण्यानंही मेल्या असत्या.”

“आणि औषध न घातलेली जुनी डिश?” निवेदिताबाईंनी विचारलं.

“ती ठणठणीत आहे. का?”

निवेदिताबाई मदतनीस ओंकारकडे वळल्या.

“नव्या डिश मीच तयार केल्या,” तो म्हणाला. “आधी शेळीच्या कातडीच्या पेशी वाढवायचो. तरंगायला लागली की पेशी मेलीच समजायची.”

निवेदिताबाईंनी नवी डिश सूक्ष्मदर्शकाखाली हलवली. आतला द्रव हलला, पेशी जागच्या हलल्या नाहीत.

“औषध अस्सल आहे,” त्या म्हणाल्या. “जुन्या पेशी अशक्त असत्या, तर औषधाविनाही मेल्या असत्या.”

“मग नव्या का जगल्या?” शामकांत चक्रावला.

“रक्ताच्या पेशी तरंगतातच. ओंकारना वाटलं, त्या मरायला टेकल्यात. ओंकार, त्या चिकटाव्यात म्हणून डिशला प्रथिनाचा लेप दिलात ना?”

ओंकारने मान डोलावली. “त्यास्नी धरायला कायतरी नको व्हय? शेळीच्या पेशींना आमी देतोच की!”

“आधाराला चिकटलेल्या पेशीला आतून जगण्याचे इशारे मिळतात. मग तेच औषध तिला पुरेनासं होतं. चोरी झालेलीच नाही.”

रविराज सर पंकजाकडे वळले. “पंकजा, माझं चुकलं.”

तिचं लक्षच नव्हतं. सुटकेचा आनंद दूरच, तिने निवेदिताबाईंना विचारलं,

“बाई, आईच्या कॅन्सरच्या पेशी हाडांच्या मज्जेत हायेत. तिथं त्यास्नी धरायला आधार असतो?”

निवेदिताबाईंना खोटं बोलवेना. “असतो,” त्या म्हणाल्या.

म्हणजे आईलाही तेच औषध पुरणार नव्हतं. शामकांत हादरला. निर्दोष ठरलेलं माणूस इतकं खचलेलं त्याने कधीच पाहिलं नव्हतं.