झेफचं जावळ

साम्राज्यं लयाला जातात, पर्वत झिजतात, पण रक्ताचं वैर तेवढं चिरंतन असतं! उत्तर अल्बेनियातल्या आमच्या डोंगरात दोन घरांचं हे चिरंतन वैर सुरू झालं ते कुणाचा तरी कुत्रा कुणाच्या तरी पाहुण्यावर भुंकला म्हणून. आधी पाहुण्यानेच लाथ मारली, असं कुत्र्याकडचे अजूनही सांगतात.

सध्या सूड घ्यायची पाळी प्रेंदाच्या घराची होती. माराशच्या मुलाने तिच्या लेकाला, गीनला, मारलं, तेव्हापासून माराशकडचा एकही पुरुष उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. गीन मात्र रोज पहाटे प्रेंदाच्या स्वप्नात येई… धुक्यातून, अनवाणी, तोच निरागस हसरा चेहरा घेऊन… आणि सुडाचा चकार शब्द न काढता, आपल्या झोपलेल्या लेकराच्या, झेफच्या, वाढलेल्या जावळातून नुसता हात फिरवत बसे.

"भावजी, सोडून द्या ना हे," ती दिराला म्हणाली.

"कधीच सोडलं असतं, वहिनी," प्येतर म्हणाला. "माराशचा राग आता आठवून आठवून आणावा लागतो. पण सूड घेत नाही म्हणून गावात मला कॉफी गुडघ्याखालून देतात. आपलीच माणसं. माफ केलं तर जन्मभर तशीच प्यायची? राहू दे. झेफ मोठा झाला की तो बघेल."

तो बघेल… प्रेंदाचं काळीज विदीर्ण झालं.

दुसऱ्या दिवशी ती झेफला कडेवर घेऊन माराशच्या दारात उभी राहिली. बाईवर बंदूक उचलायची नाही, एवढी सभ्यता आमच्या वैरात आहे.

"याचं जावळ तुम्ही काढा, माराशदादा."

जावळ काढणारा मुलाचा धर्मपिता होतो. मग त्या दोन घरांत रक्त सांडता येत नाही.

"प्रेंदा, अगं, तुझ्या गीनचं रक्त…"

"ते याच्यावरून ओवाळून टाकलं."

पहिली बट खाली पडली आणि दारात प्येतर आला, बंदुकीसकट.

"गीनला विकलंत, वहिनी."

"हो. गावाला तसंच सांगा. तुम्ही सूड घ्यायला निघाला होतात, बाईने घात केला म्हणा. थुंकायचं ते माझ्यावर थुंकतील… तुमची कॉफी वरून येईल."

प्येतरने बंदूक माराशच्या बायकोच्या हाती दिली, आणि तिने ती पाहुण्याची टांगतात तिथे टांगली. माराश रडला, प्येतर रडला. आणि अश्रूंच्या त्या धूसर पडद्यातून प्रेंदाला वाटलं, कोपऱ्यात गीनही उभा आहे… तृप्त, शांत…

तिने डोळे पुसले आणि नातवाकडे नीट पाहिलं.

"माराशदादा," ती हळूच म्हणाली, "डाव्या कानावर जरा जास्त राहिलंय. तेवढं सारखं करून द्या."