विश्राम घाडीची चाल

कंपनीने त्या यंत्राला भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं. गावाने ते ऐकून घेतलं आणि पहिल्याच दिवसापासून त्याला ‘कुर्ली’, म्हणजे खेकडा, म्हणायला सुरुवात केली. सहा पाय, तिरकं चालणं, पोटाखाली काथ्याचा ब्रश. मग दुसरं काय म्हणणार? मे महिन्यात कुर्ल्या घरोघरच्या कौलांवर चढत, वाळलेलं शेवाळ हलक्या हाताने खरवडत. खाली अंगणात बाया कोकमं वाळत घालत. वर कोणी बघतही नसे.

शेवंती घाडीही बघत नसे, पण तिचं कारण वेगळं होतं. चार वर्षं तिने आपल्या घरावर कुर्लीला पाऊल ठेवू दिलं नव्हतं. शेवाळाचा थर बोटभर झाला, पाणी माजघरात गळू लागलं, तरी तिचा नन्नाच. तिची मुलगी मृणाल कुडाळला नर्स होती. तिने रजा काढून आईला कसंबसं राजी केलं, तेव्हा कुठे कंपनीच्या इंजिनीअर केतकी परुळेकर कुर्ली घेऊन अंगणात येऊ शकल्या.

“काकी, या हंगामात सात कुर्ल्या पडल्या,” केतकी म्हणाल्या. “सातही स्वयंपाकघराच्या वरून. शेवटची एका बाईच्या खांद्यावर पडली. हाड मोडलं तिचं. डोक्यावर पडली असती तर?”

“माका कित्याक इचारतंस?” शेवंतीने तोंड फिरवलं.

विचारायचं कारण तिलाही ठाऊक होतं. कौलं साफ करणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. जोराच्या पाण्याने धुतली तर त्यांची वरची कातडी निघते आणि पाणी सांध्यातून उलटं आत शिरतं. पाय कौलाच्या मधोमध पडला तर कौल फुटतं. दोन कौलं जिथे एकमेकांवर चढतात आणि खाली लाकडी रीप असते, तिथेच भार द्यावा लागतो, आणि रीप वरून दिसत नाही. शेवंतीच्या नवऱ्याला, विश्रामला, ती तळव्याला कळायची. कंपनीने दोन हंगाम त्याच्या तळव्यांना कागदासारख्या पातळ पट्ट्या चिकटवल्या आणि दोनशे अकरा छपरांवरच्या त्याच्या पावलांचा दाब, तोल, कंप असं सगळं टिपून घेतलं. या नोंदीला त्यांनी नाव दिलं पदस्मृती. तीच कुर्लीला शिकवली. दोनशे अकरावं छप्पर त्याचं स्वतःचं होतं. चार वर्षांपूर्वी त्यावरून तो पडला आणि गेला. त्यानंतर तीन तालुक्यांत एकही माणूस छपरावरून पडला नाही, कारण कोणाला चढावंच लागलं नाही.

केतकींनी कुर्लीला दोर बांधून वर सोडलं. ती झकास चालत होती. मग त्यांनी मृणालला आत पाठवून उखळात मुसळ मारायला सांगितलं. दुसऱ्या घावाला कुर्ली थांबली, डावीकडे वळली, सगळा भार एकाच बाजूच्या पायांवर टाकला आणि घसरली. दोर ताणला गेला म्हणून वाचली.

“तिला कान नाहीत, काकी. पायाला कंप कळतो, एवढंच,” केतकी म्हणाल्या. “हे वळणं काकांच्या चालीतलं आहे. ते का वळायचे, ते कळलं तरच हे काढता येईल.”

मृणाल हात पुसत बाहेर आली. तिच्याकडे बघून शेवंती खाली बसली. गप्प राहिलं तर उद्या आणखी कोणाच्या तरी डोक्यावर कुर्ली पडणार होती. बोललं तर समोर उभ्या असलेल्या या पोरीचं काळीज फाटणार होतं.

“छपरार असलेल्या माणसाक हाक मारूची नाय,” ती शेवटी म्हणाली. “हाक मारली की माणूस मागे वळता. आमच्यात कोण मारीत नाय. म्हणान मी काठयेन घरातसून छपराच्या वाशार दोन ठोके मारी. पेज झाली, खाली येवा. तेंका पायांनी कळा. सव्वीस वर्सां. दहा वाजाक इले की ते आदीच सावध होवन बसत.”

“मग त्या दिवशी?” केतकींनी विचारलं.

“त्या दिवशी नऊ वाजताच मारलंय. ते सावध नाय होते, वळले नि घसारले. मृणाल, तुझो निकाल इलो. तू पास झालंस म्हणान फोन इलो. माका धीर धरवाक नाय गो.”

चार वर्षं ती समजत होती, बाबा शेवाळावरून घसरले. ती आईच्या पायाशी बसली आणि तिचा हात हातात घेऊन ओक्साबोक्शी रडू लागली.

केतकी हळूच म्हणाल्या, “काकी, ते ठोके याच घरात वाजले. या घरावरच्या सगळ्या नोंदी पुसाव्या लागतील. दोनशे दहा छपरं राहतील. हे राहणार नाही. तुमची सही लागेल.”

शेवंतीने सही केली.

“बाबांका कळला?” मृणालने एकदम विचारलं. “मी पास झालंय, ता?”

“पडल्यार कानात सांगलंय. दोनदा सांगलंय. डोळे मिटलेले होते. तेंनी ऐकला काय नाय, माका म्हायत नाय.”

नोंदी पुसायला टॅबच्या पडद्यावर गेलेलं केतकींचं बोट तिथेच थांबलं.

“पट्ट्या दवाखान्यात काढल्या,” त्या म्हणाल्या. “पडल्यानंतरची एकोणीस मिनिटं यात आहेत. आम्ही ती कधी उघडली नाहीत. तुम्ही सांगितलंत तेव्हा त्यांचा पाय हलला असेल, तर दिसेल. नसेल हलला, तर तेही दिसेल. पुसल्यावर मात्र काहीच उरणार नाही.”

मृणालने अनेक बेशुद्ध माणसांचे पाय पाहिले होते. अंगठा आपसूकही हलतो, हे तिला माहीत होतं. तरी तिचा हात पडद्याकडे गेला. शेवंतीने तो मनगटाशी घट्ट धरला. तिला अडवायचं होतं की आधार हवा होता, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

“उघडू?” केतकींनी विचारलं.