शेवटचे चार फूट

दहा फूट.

चेंडू घरंगळत आला नि पद्मजाच्या चपलेला टेकला.

"ओ मॅडम, पाय काढा. होलच्या वाटेत उभ्या आहात."

"आधी नीट मारायला शिका."

पार्ल्याहून ती बाबांचा डबा घेऊन आली होती. बाबा गोल्फ क्लबात हेडक्लार्क. सोमवारी मेंबर येत नाहीत, तेव्हा त्यांच्या बॅगा वाहणारे कॅडी खेळून घेतात, हे तिला काय ठाऊक!

"एकटा असलो की नीट जातो," तो कॅडी, नंदू, ओशाळून म्हणाला. "कुणी बघायला लागलं की हात थरथरतात."

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या पद्मजाला आणखी काय हवं होतं?

सहा फूट.

मग दर सोमवारी, कॅडींच्या शेडमागे. नियम पद्मजाचा: ती कानाशी काहीही बोलणार, चेंडू पडेपर्यंत त्यानं मान वर करायची नाही. सलग दहा चेंडू होलमध्ये. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

"बटण चुकलंय तुझं." गेला.

"मिशी काढ, बरा दिसशील." गेला.

"काल स्वप्नात आला होतास..."

चेंडू होलला वळसा घालून पुढे!

"ए, हे चीटिंग हां!"

"पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली – आणि स्वतःच लाजली.

दिवाळीपर्यंत तो काहीही ऐकून चेंडू होलमध्ये घालू लागला. फक्त... आधी तिचा आवाज यायचा, मगच त्याचा हात सुटायचा. तिच्या प्रयोगाच्या वहीत याची नोंद नव्हती.

"कॅडींची मॅच जिंकलास तर क्लबात खेळ शिकवायची कायम नोकरी," ती म्हणाली. "त्याच दिवशी आपलं घरी सांगते."

"नक्की ना गं?"

"नक्की."

चार फूट.

जानेवारी. दोरीपलीकडे मेंबर, सेक्रेटरी, बाबा – बाबांशेजारी पद्मजा. शेवटचा फटका. खेळाडू वाकला की इथे कुणी खोकतसुद्धा नाही.

नंदू वाकला. आणि वाकलेलाच राहिला.

अर्धं मिनिट... एक मिनिट. लोक चुळबुळले. पद्मजाला एकदम उमगलं – हा माझी वाट बघतोय! नुसतं 'नंदू' म्हटलं तरी पुरे. पण सगळे वळून बघतील. बाबा बघतील.

मघाशी त्याची नजर इकडे वळलेली बाबांनी टिपली होती. ते कुजबुजले, "ओळखतेस का गं याला?"

"नाही."

हात सुटला. चेंडू सरळ गेला, पडला. टाळ्या!

एक फूट.

एवढ्याच अंतरावर ती उभी राहिली, शेडमागे, धापा टाकत.

"जिंकलास! आज सांगते घरी... आत्ता सांगते."

नंदू चेंडू पुसत होता.

"तुझा आवाज आला, म्हणून मारला. शब्द नंतर पोचला."

"अरे, बाबा शेजारी होते..."

"हो. त्यांचा प्रश्नपण ऐकू आला मला."

"नंदू, घाबरले रे मी."

"कळतं ना. मीपण घाबरायचो."

तो बक्षीस घ्यायला गेला. तिनं दोनदा हाक मारली. त्याची मान वळली नाही.