शिरसतळ्याचं पाणी अडवलं कुणी?

"गेल्या दिवाळीत चौदा आणि यंदा पाच? वेदिका, तुला मोजता येत नाही!" मालेगावहून सुट्टीला आलेला समर्थ आपल्या मामेबहिणीच्या वहीत डोकावून ओरडला.

"नावं वाच ना! १९९८, चौदा जातींचे पक्षी. १९९९, पाच!" वेदिका फणकारली. आठवीतल्या या पोरीशी पक्ष्यांवरून वाद घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण!

"आणि टिबुकली एकही नाही," शेजारची शुभांगी म्हणाली. "बुडी मारायला पाणी नको का तिला? या तळ्यात गुडघाभरसुद्धा नाही!"

वेदिकाने वही मिटली. दोन वर्षांपूर्वी कांजिण्यांमुळे शाळा बुडाली, तेव्हा मखमलाबादच्या मळ्यांमधल्या या शिरसतळ्यानेच तिला सोबत केली होती. एकेक पक्षी ओळखायला ती इथेच शिकली. तळ्याचे तिच्यावर केवढे उपकार होते! आणि आता तेच आटत चाललं होतं.

"पाऊस तर झकास झाला. मग पाणी गेलं कुठे?" ती उठलीच. "चला, ओढ्याने वर जाऊ!"

फार लांब जावं लागलं नाही. नव्या रस्त्याखालच्या मोरीपाशी ओढा तुंबला होता आणि बाजूच्या चरातून भलतीकडेच पळत होता.

"आत काहीतरी अडकलंय!" समर्थने काठी खुपसली, मग दोन्ही हातांनी ओढलं आणि धप्पकन उताणा पडला. त्याच्या पोटावर एक भिजलेलं पोतं, आणि मोरीत तशीच आणखी कितीतरी!

"शीऽऽ! कुजका झेंडू!"

पोत्याचं तोंड हिरव्या लुगड्याच्या काठाने बांधलेलं होतं. शुभांगीने तो काठ लगेच ओळखला. "हे तर तुझ्या बयाकाकूंचं लुगडं!"

बयाकाकू म्हणजे वेदिकाच्या कारभारीकाकांची बायको. काकांसारखा झेंडू पंचक्रोशीत कुणी पिकवत नसे. दसरा-दिवाळीला न खपलेली फुलं उकिरड्यावर टाकायची नाहीत, देवाची फुलं पाण्यातच सोडायची, हा त्यांच्या घरचा नेम. पण तळ्यापर्यंत चालतंय कोण? रस्त्यावरूनच पोती ओढ्यात! भक्ती भरपूर, पायांना मात्र कंटाळा.

"सरळ सांगूया का?" समर्थने विचारलं.

"काका म्हणतील, चिमुरडी पोरं मला शिकवणार? त्यापेक्षा एक युक्ती करू," वेदिका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकांकडे गेली. "काका, उरलेली फुलं यंदा तुम्ही स्वतः टोपलीने तळ्यात सोडा ना! आम्ही आरती म्हणतो."

काका खूश! पांढरंशुभ्र धोतर नेसून, डोक्यावर टोपली घेऊन स्वारी तळ्यावर हजर. पोरांनी आरतीला सुरुवात केली.

"अगं, पाणी कुठंय?"

"पुढे आहे, काका!"

दहा पावलं झाली, वीस झाली. चिखल पोटऱ्यांपर्यंत आला आणि... पच्च! काका बसले खाली, झेंडू चहूकडे!

"आरं देवा! देवाची फुलं चिखलात! इथं तर पुरुषभर पाणी असायचं!"

"कुठे अडलंय ते दाखवतो, चला!" शुभांगी म्हणाली.

मोरीपाशी काकांनी तो हिरवा काठ हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा तर माझाच उद्योग हाय, पोरांनो," ते म्हणाले.

काका आडमुठे असतील, पण खोटे नव्हते. तासाभरात फावडी, घमेली आणि सहा शेजारी गोळा झाले. दुपारपर्यंत मोरी मोकळी झाली, आणि ओढा खळाळत तळ्याकडे धावला. पोरं नाचली! कुजकी फुलं काकांनी मळ्यात खताला नेली. "माती बी देवाचीच की!" ते म्हणाले.

आठव्या दिवशी सगळे तळ्याच्या काठावर उभे होते. चिखल दिसेनासा झाला होता. मधोमध टिबुकलीने बुडी मारली आणि वेदिकाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आमच्या डोळ्यांवरची झापडं या पोरांनी काढली बघा," बयाकाकू सगळ्यांना सांगत होत्या.

"थँक्यू, काका," वेदिका म्हणाली.

"मला कशापायी? उलट मीच तुमचे उपकार मानायचे." काकांनी बोट दाखवलं. "ती बदकांची जोडी लहानपणापासून बघतोय मी. नाव काय गं तिचं?"

"चोच बघा, काका. टोकाला पिवळी, वर लाल ठिपके. हळदी-कुंकू!"

काका कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"पन्नास वर्षं शेजार हाय," ते म्हणाले, "आन् नाव आज विचारलं!"