रे रोडहून घेतलेली हजेरी

दिवे गेलेत तर जाऊ देत, ते काही आपल्या हातात नाही. सेट जरा बंद करा आणि सरकून बसा. ही गोष्ट लवू गावकराची. माझ्या चाळीतला, आपल्याच रेडिओ क्लबातला माणूस. त्याने ती मला एकदाच सांगितली, पण तारीख-वेळेसकट.

शनिवार, बावीस ऑगस्ट, सन सत्याऐंशी. पिठोरी अमावास्येला दोन दिवस होते. संध्याकाळी सहाच्या सुमारास लवू लालबागच्या नाक्यावरून चार्ज केलेली बॅटरी खांद्यावर घेऊन निघाला. मंडपांचे बांबू उभे राहत होते, त्यातून वाट काढत तो क्लबच्या खोलीवर आला. त्या रात्री कवायत होती. शहरात वीज नाही, टेलिफोन नाही, असं समजायचं आणि नुसत्या रेडिओवर रात्र काढायची. लालबागला कंट्रोल, दादर, माहीम आणि रे रोडला एकेक माणूस. कंट्रोलने दर अर्ध्या तासाने हजेरी घ्यायची, निरोप इकडून तिकडे पोचवायचे, सगळं वहीत लिहायचं.

कंट्रोलच्या खुर्चीवर त्या रात्रीपुरता लवू होता. कायमचं कुणाला बसवायचं ते सेक्रेटरी बुधाजी दुसऱ्या दिवशी वही बघून ठरवणार होते. एक लवू, नाहीतर राजाराम.

राजाराम आणि लवू एकाच मिलमध्ये, एकाच खात्यात. संप झाला, दोघं घरी बसले. त्या रिकाम्या दिवसांत लवूनेच राजारामला मोर्सची टकटक शिकवली, वाटीवर चमचा वाजवून. मिल गेली ती गेलीच, पण राजारामचा हात असा काही बसला की क्लबाच्या खोलीत दोन अक्षरं ऐकली तरी माहीमचा चंदू कोळी म्हणायचा, "राजाराम आला!" लवूचा हात कुणी ओळखत नसे. आपल्या हातात खोट काय ते लवूला कधी कळलं नाही. चुकत तर नव्हता.

राजाराम वाकडा असता तर बरं झालं असतं. पण तो चारचौघांत लवूच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "माका ह्येनाच शिकवल्यान." मग सगळे हसायचे. लवूला ते हसू घरी जाऊन जेवतानाही ऐकू यायचं. त्यात त्याची बायको लक्ष्मी म्हणाली होती, "राजारामभावजींक बसवतले खुर्चीर. तुम्ही कित्याक जीव जाळतास?"

जीव जळतच होता.

रात्री दहाला कवायत सुरू झाली. बाहेर पाऊस. राजाराम रे रोडला, लाकडाच्या वखारीत, पहारेकऱ्याच्या पत्र्याच्या खोलीत बसला होता. त्याचा सेट लहान. त्याचा आवाज दादरपर्यंतही पोचायचा नाही, माहीम तर लांबच; निरोप लालबागनेच पुढे द्यायचा. क्लबाचे नियम दोन, आजही तेच आहेत. निरोप घेणारा 'मिळाला' म्हणत नाही तोवर देणाऱ्याने सेट सोडायचा नाही. आणि कंट्रोल तासभर मुका राहिला, तर ज्याचा आवाज सगळ्यांना स्वच्छ जातो त्याने कंट्रोल हातात घ्यायचं.

अकरा चाळीसला रे रोडने लालबागला हाक दिली. माहीमसाठी निरोप होता. आवाज बारीक, पण शब्दन् शब्द लागत होता.

लवूने मोर्सच्या कळेवर बोट ठेवलं. आणि दाबलं नाही.

वहीत लिहिलं: रे रोड, ऐकू आले नाही.

अकरा पन्नासला पुन्हा हाक. बाराला पुन्हा. प्रत्येक हाकेला लवू तीच ओळ लिहीत होता, सुवाच्य अक्षरात. मध्ये दादर बोललं, त्याला लगेच उत्तर दिलं. माहीम बोललं, त्यालाही दिलं. चंदूने विचारलं, "राजाराम कुठाय?" लवूने कळवलं, "हजर नाही." एवढी एकच ओळ उद्या बुधाजींना दाखवायची होती.

बारा पंचवीसला रे रोडची हाक अर्ध्या अक्षरावर तुटली.

बरं झालं, असं लवूला वाटलं. त्याने ते माझ्यापासून लपवलं नाही.

साडेबाराला त्याने हजेरी घेतली. "दादर?"

उत्तर नाही.

"माहीम?"

उत्तर नाही.

त्याने तार बघितली. बॅटरी बघितली. कळ दाबली की सेटवरचा काटा हलत होता, म्हणजे आवाज बाहेर जात होता. ऐकूही सगळं येत होतं. चंदू दादरला विचारत होता, "लालबागला काय झालं? झोपला काय रे लवू?"

"मी आहे," लवूने ठोकलं. "मी इथेच आहे."

दादर चंदूला म्हणालं, "कंट्रोल मुका आहे. वाट बघू."

पाऊण वाजला. एक वाजला. लवू ठोकतच होता. बोटाची कातडी सोलली. शर्ट पाठीला चिकटला...

एक पंचवीस.

पाऊस चालूच होता, पण सेटमधली खरखर एकाएकी थांबली. काहीच ऐकू येईना. आणि त्या शांततेत एक हात आला. स्वच्छ. शेजारच्या खुर्चीत बसून पाठवावं तसा. दोन अक्षरं ऐकली, आणि लवूने ओळखलं.

"कंट्रोल तासभर मुका आहे. नियमाप्रमाणे कंट्रोल रे रोडकडे घेतो. हजेरी."

"दादर?" हजर.

"माहीम?" हजर. जिथे त्याचा आवाज कधीच पोचत नव्हता, ते माहीम.

"लालबाग?"

लवूने कळ दाबली. हजर. हजर. निरोप मिळाला, राजा. पहिल्यांदाच मिळाला होता. मी ऐकलं होतं, राजा, ऐकलं होतं...

थोडा वेळ काही नाही.

"लालबाग?"

लवू दोन्ही हातांनी ठोकत होता.

पुन्हा काही नाही.

"लालबाग...?"

तिसऱ्यांदा विचारलं, ते अगदी सावकाश. पहिल्या दिवसांत वाटीवर शिकताना विचारायचा तसं.

मग सगळं बंद.

पहाटे साडेपाचला दारावर थाप पडली. वखारीचा पहारेकरी होता, डोक्यावर गोणपाट घेतलेला. तो आत येईना. उंबऱ्यातूनच बोलला, "आपका आदमी पत्रे से गिर गया, साब. बारा पच्चीस को. मैंने रोका था. बारिश में सेट लेके ऊपर मत जाओ बोला. तो बोले, कंट्रोल पे लवू बैठा है, उसका कान नहीं चूकता. मेरी ही तार गिरी होगी..."

"जिवंत आहे?" लवूने विचारलं.

पहारेकऱ्याने डोक्यावरचं गोणपाट काढलं. मग म्हणाला, "गिरते ही खतम, साब. सेट भी उनके साथ नीचे आया. टुकड़े हो गये."

तासाभराने चंदू आला. त्याला काही ठाऊक नव्हतं. हातात कवायतीचा कागद होता. "काय रे लवू, झोप काढलीस ना रातभर? राजाराम होता म्हणून हजेरी झाली. काय आवाज होता रे त्याचा! माहीमला असा कधी लागला नव्हता."

लवूने वही मिटली आणि पहारेकरी काय सांगून गेला ते त्याला सांगितलं.

वहीतलं खरं त्याने तेव्हा कुणाला सांगितलं नाही. खुर्चीसाठी दुसरा कोण उरला होता? बुधाजींनी त्याच आठवड्यात लवूला खुर्ची दिली. पहिल्या रात्री तो बसला, हजेरी घेतली. दादरला काही ऐकू गेलं नाही. माहीमलाही नाही. सेट दोनदा उघडला, तार नवी टाकली. दुसरा कुणी बसला की सगळीकडे स्वच्छ जायचं. महिन्याभरात बुधाजी म्हणाले, "लवू, तू आता नुसतं ऐकत जा. कान चांगला आहे तुझा."

पुढची बारा वर्षं तो घरी रोज रात्री बसायचा. लॅमिंग्टन रोडवरून स्वतःची नवी कळ आणली होती, पितळेची. रात्री एक पंचवीसला ठोकायला लागायचा तो पहाटेपर्यंत. चाळीत आम्हाला भिंतीपलीकडून ती टकटक ऐकू यायची. 

तो गेला तेव्हा लक्ष्मीवहिनींनी ती कळ मला दिली. तुम्हाला माहीत आहे, कळ दाबली की दोन टोकं भिडतात आणि बारीक ठिणगी पडते. वर्षभर वापरली तरी टोकं काळी पडतात, घासून पुसावी लागतात. मी ती कळ कंदिलाखाली उघडली, भिंग लावून बघितली. वरची मूठ बोटांनी झिजून खोलगट झाली होती.

टोकं मात्र कोरी होती. एकदाही न भिडल्यासारखी.