कमी पळालेली गाडी

अगं थांब, आधी ऐक. पेट्रोलचा कॅन खाली ठेव. दार उघडू नकोस, आत तर मुळीच बसू नकोस, खिडकीतूनच ऐक. आणि चावीला हात लावू नकोस प्लीज. इंजिन चालूच राहू दे. का ते सांगते, पण मध्येच ‘काहीही काय’ म्हणालीस ना, तर खरंच रडेन मी.

बाबा वर वॉर्डात आहेत. बरे आहेत. म्हणजे... गाडी चालू आहे तोवर बरे आहेत.

ही घेतली तेव्हा तू हसली होतीस, म्हातारी आणलीस म्हणून. आहेच म्हातारी, आपण बालवाडीत होतो तेव्हाची. पण अंगावर एक ओरखडा दाखव. सीटचं रेक्झिन करकरीत, आत डांबरगोळ्यांचा मंद वास, काच खाली करायचं हँडल लोण्यासारखं फिरतं. दार लावलं की कसा भरदार आवाज येतो, हल्लीच्या गाड्यांसारखा डबा वाजल्यासारखा नाही. आणि मीटर बघशील तर जेमतेम बाजारात जाऊन आल्यासारखं.

ज्या काकूंकडून घेतली त्या चहा देताना म्हणाल्या होत्या, “आमचे हे रोज काढायचे हो गाडी. खूप फिरवलं मला. फक्त आम्ही येऊन गेलो, हे कुणाला आठवतच नाही.” मला वाटलं, नातेवाइकांवरचा राग असेल. नवरा गेल्यावर माणूस बोलतं असं काहीबाही.

मग मिस्त्रीला दाखवली. माझ्या आपलं डोक्यात, कमी पळालीये म्हणजे काही करायलाच नको. तो म्हणाला, “ताई, गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतंच. पट्टे, पाइप, टायर, सगळं बदलावं लागणार.” बॉनेट उघडलं, एकेक पाइप बोटांनी दाबून बघितला. “मऊ आहे,” म्हणाला. “काल कारखान्यातून निघाल्यासारखं.” लोक मीटर मागे फिरवून फसवतात ना, म्हणून त्यानं पेडलचं रबर बघितलं, स्टिअरिंग बघितलं. कुठे झीजच नाही. मी काय फुशारले होते माहितीये, जणू मीच बनवलीये.

आम्ही पुलापर्यंत चक्कर मारून आलो. तो तर प्रेमातच पडला. “शिलाई मशीनसारखं इंजिन आहे,” म्हणे. परत येऊन गॅरेजमध्ये बंद केली आणि तो हात धुवायला गेला. गाडी गार होताना टिकटिक करते बघ, तशी करायला लागली. मी कौतुकानं मीटरकडे बघत बसलेले.

शेवटचा आकडा हलला. मागे.

एक टिक... थांबला. मग अजून एक टिक. जेवढे गेलो होतो तेवढाच मागे आला, आणि आवाज बंद. इतकं शांत झालं ना, की नळाचं पाणी ऐकू येत होतं. मिस्त्री हात पुसत आला आणि म्हणाला, “चला ताई, एक चक्कर मारू या, कशी चालते बघू.”

“आत्ता तर मारली.”

“कुणाबरोबर?”

तो थट्टा करत नव्हता गं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तेव्हा मला मावशीचं आठवलं. त्याच्या आदल्या रविवारी मी हिच्यातून मावशीकडे गेले होते. जेवले, तिचा दुरुस्त केलेला मिक्सर देऊन आले. सकाळी तिचा फोन, “काय गं बये, काल दिवसभर वाट बघायला लावलीस.” आणि मिक्सर माझ्या डिकीत.

तू म्हणशील, मग विकून का नाही टाकलीस. अगं, पण किती गुणाची गाडी आहे. मला थोडी भीती वाटायची आणि जास्त अभिमान. मी कामाला बसनं जायचे आणि हिला संध्याकाळी नुसती फिरवून आणायचे, कुणाकडेही न जाता. पुसलं गेलं तरी कुणाचं काही अडणार नाही, असं.

आज दुपारी बाबा जेवता जेवता पांढरे पडले. छातीवर हात, सगळं अंग घामानं चिंब. अँब्युलन्सवाला फोनवर ‘निघालीये, निघालीये’ करतोय. शेवटी मी आणि आईनं त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. खरंच सांगते, दुसरी गाडी असती तर पोचलो नसतो. काय पळाली ही. एक गचका नाही, चढावर दम नाही लागला, प्रत्येक वळण हिला आधीच माहीत असल्यासारखं. दारातच स्ट्रेचर आलं, आई त्यांच्याबरोबर आत धावली. मग तिचा फोन, डॉक्टर म्हणाले जरा उशीर झाला असता तर हाती लागले नसते.

मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि सवयीनं हात चावीकडे गेला. आणि तसाच राहिला. घरापासून इथपर्यंत अंतर ते किती, सांग. मिस्त्रीचे हात धुऊन होईपर्यंत पूल पुसला गेला होता.

तेव्हापासून बसलेय अशी. वॉचमन दोनदा येऊन गेला, गाडी बंद करा म्हणून. म्हटलं, स्टार्टर गेलाय, परत चालू होणार नाही. तर म्हणतो, “मग धक्का मारायला आम्ही आहोत की.” पंपावरसुद्धा जाऊन आले. तिथला माणूस नळी हातात घेऊन उभा, पण इंजिन बंद केल्याशिवाय भरणार नाही. बरोबरच आहे त्याचं. मी रडले तरी नाही ऐकलं. म्हणून तुला फोन केला.

तू यायच्या थोडं आधी इंजिन अडखळलं. पेट्रोल तळाला गेलं असेल. क्षणभर सगळं गप्प... आणि एक टिक. मी जीव खाऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबला, पुन्हा चालू झालं. लगेच आईला फोन लावला. आई म्हणाली, “हे बघ, समोर बसलेत, उशी बदलून मागतायत. कुरकुर करतायत म्हणजे ठीक आहेत.” मागून त्यांचा आवाजही आला, उशी दगडासारखी आहे म्हणून. मी हसले गं.

आईचा फोन ठेवला आणि लगेच परत वाजला. नाव आलं, बाबा. त्यांचा मोबाइल घाईत घरीच राहिलाय, जेवणाच्या टेबलावर. घराला कुलूप मी स्वतः लावलंय. उचलला. आधी नुसता श्वास. मग बाबा. अगदी हळू.

“ठमे... अँब्युलन्स नाही आली अजून. तू कुठे गेलीस गं?”

मी फोन कट केला.

सांग ना. तू असतीस तर काय केलं असतंस?