पाणखूण

नळाला पाणी आलं की गिरणी वसाहतीत आधी भांड्यांचा आवाज होई आणि मग माणसांचा. आजही तसंच झालं. फरक एवढाच, की हंडे बाहेर काढताना प्रत्येक बाई एकदा आपल्या दाराच्या चौकटीकडे बघून घेत होती. चौकटीवर मुठीएवढी करडी पेटी होती. पेटीचा दिवा हिरवा दिसला की मगच ती कामाला लागत होती.

केतकीने आईच्या दाराकडे पाहिलं. तिथेही हिरवाच होता. आई गेल्यापासून घर बंद होतं, तरी पेटी आपलं काम करत राहिली होती. तिच्यातून माणसाच्या घामासारखा, पण माणसाला न कळणारा वास सुटायचा. त्या वासाने डास आत शिरला की पेटी त्याला तपासायची. अंगात डेंग्यूचा विषाणू आहे का एवढं बघून ती थांबत नसे. डासाची अळी ज्या पाण्यात वाढते, त्या पाण्याची ओळख डासाच्या अंगात उरते. पेटी तीही वाचायची. त्या ओळखीला सगळे पाणखूण म्हणत. घरोघरच्या विरजणाचं दही वेगळं लागतं, तसं घरोघरचं साठलेलं पाणी वेगळं. शेवाळ वेगळं, जीवाणूंचा मेळ वेगळा. डास मरायचा, पण कुठल्या भांड्यात जन्मला ते सांगून मरायचा.

अखाजी तोंडावर आली होती. खानदेशात अक्षय्य तृतीयेला वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरून पुजतात, आणि त्याच्या नावाने कोणाला तरी जेवू घालतात. केतकी त्यासाठीच नाशिकहून आली होती. घागर मुलाने भरायची असते. मुलगा नव्हता, आणि तिला कोणी काही म्हणालंही नाही.

"तुझा हंडा लावलाय मी," भिंतीपलीकडून शकूमावशी म्हणाली. "विचार करत बसशील आणि नळ जाईल. नाशिकचा नाही हा नळ. आठवड्याने एकदा तोंड दाखवतो."

"बिबड्या किती घातल्यास गं, मावशी?"

"अंगणात पाय ठेवायला जागा नाही. कावळ्यांनाच राखणीला बसवलंय."

शकुंतला झांबरे केतकीची सख्खी मावशी नव्हे; मधल्या भिंतीमुळे झालेली मावशी. नवरा गेल्यावर ज्वारीचे पापड, म्हणजे बिबड्या, विकून ती एकटी राहत होती. उन्हाळ्याचे दोन महिने खाटांवर बिबड्या वाळायच्या आणि त्यावर तिचं वर्ष निघायचं.

दुपारी सलमा तडवी आली. वस्तीची आरोग्यसेविका. केतकीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तिने पिशवीतली आपली बाटली दाखवली. "पेट्या लागल्यापासून कोणाच्याच घरचं पीत नाही, ताई. एका घरी प्यायले की दुसऱ्या घराला वाटतं, आपल्याच पाण्यात काही सापडलं."

ती खुर्चीच्या कडेला बसली. "तुमच्या आईंच्या डासाचा माग लागला. त्या आठवड्यात तुमच्या पेटीत आला होता तो. सगळ्या वस्तीची भांडी जुळवून बघायला इतके महिने गेले. ऐकायचं आहे का, हे आधी विचारावं लागतं."

"सांगा."

"शेजारच्या अंगणातला निळा ड्रम."

केतकीने हातातला तांब्या खाली ठेवला. आईचा शेवटचा फोन तिला आठवला. ताप उतरला गं, आता उगाच रजा काढून येऊ नकोस. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरं जपायचं असतं, हे तिने नंतर वाचलं. नंतर तिने पुष्कळ वाचलं.

"नियम यंदाचाच आहे," सलमा म्हणाली. "माणूस गेलं असेल तर उगम जाहीर करायचा का, ते वारसाने ठरवायचं. हो म्हणालात तर त्या दारावरचा दिवा वर्षभर लाल."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर कोणाला कळणार नाही. मी त्यांना ड्रम रिकामा करायला सांगेन. पण नुसता रिकामा करून भागत नाही. अंडी आतल्या बाजूला चिकटलेली असतात, पाण्याच्या रेघेच्या जरा वर. कित्येक महिने कोरडी राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. घासावं लागतं. घसा कोरडा पडला सांगून." तिने डोळे चोळले. "लाल दिवा लागला की मात्र अख्खी गल्ली घासते. थोडे दिवस."

"पाणी आठवड्याने येतं म्हणून लोक साठवतात. ते कुठे दिसतं तुमच्या पेटीत?"

"न आलेल्या पाण्याची खूण कशी काढणार, ताई?" सलमाच्या आवाजात टोमणा नव्हता. हा प्रश्न तिला फार जणांनी विचारला असावा. "संध्याकाळी येते. तेव्हा सांगा."

ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच समोरच्या हेमलताकाकू आल्या. "सलमा काय म्हणाली?"

"सांगेन, काकू."

"सांगशील कधी? माझी सून दवाखान्यात पडलीय, सलाईन चालू आहे. तुझी आई गेली. आमचं माणूस जायची वाट बघायची का? कुठून येतंय ते आम्हाला कळायला नको?"

त्यांचं चुकत नव्हतं. पण मागच्या गल्लीतल्या शिंप्याचं लाल घरही केतकीला ठाऊक होतं. दिवा लागल्यावर त्याच्याकडे ब्लाउज टाकायला कोणी जाईना. दिवाळीआधीच ते कुटुंब गाव सोडून गेलं.

ती शकूमावशीच्या अंगणात गेली. खाटांवर पांढऱ्या बिबड्या आणि कडुनिंबाखाली निळा ड्रम, तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं. केतकीची नजर ड्रमावर थांबली, तशी मावशीची केतकीवर थांबली.

"माझंच नाव आलं ना?"

केतकीने मान डोलावली.

मावशी पिठाचे हात पदराला पुसत राहिली. "श्रावणात तुझ्या आईचा हात मोडला. पाणी ओढवेना. तेव्हापासून तिचं मी या ड्रमात भरायची. माझं मी हंड्यांत भागवायची. सलमाने सांगितलं, कोरडा दिवस पाळा. मी पाळला. ड्रम पालथा घातला. तुझ्या आईने भिंतीवरून बघितलं. म्हणाली, शके, घरात भांडं रिकामं ठेवतात का? तळाशी तांब्याभर तरी असू दे. स्वतःच तांब्या घेऊन आली, एका हाताने." तिने खाटेवरची एक बिबडी उलटली. "तुला वाटेल, गेलेल्या माणसावर ढकलतेय."

"नाही वाटत."

खरंच वाटलं नाही. तळाशी तांब्याभर, हे तर ती लहानपणापासून बघत आली होती. हंडा असो की रांजण, आई तो पूर्ण कोरडा होऊ देत नसे. वस्तीत कोणीच देत नसे. ज्या गावात पाण्याचा भरवसा नाही, तिथे कोरडं भांडं बघवत नाही. फडकं बांधून, झाकण ठेवून, पाटा दडपून सगळे पाणी सांभाळत होते. आणि तळाशी शकुनाचा तांब्याभर ठेवून भांडं घासायचं मात्र राहत होतं.

"सलमाला काय सांगायचं ते सांग," मावशी म्हणाली. "मी काही म्हणणार नाही. फक्त एवढ्या बिबड्या विकल्या जाऊ देत. मग लाल होऊ दे नाहीतर काळा."

संध्याकाळी सलमा उंबऱ्यातच उभी राहिली.

"जाहीर करा," केतकी म्हणाली. "पण दिवा या दारावर लावा."

"ड्रम तिकडे आहे, ताई."

"पाणी आईचं होतं. तिच्याचसाठी भरलेलं, आणि तळाला ठेवलंही तिनेच. तुमच्या नियमात भांडं कोणाचं? अंगण ज्याचं त्याचं, की पाणी ज्याचं त्याचं?"

सलमाने दारावरच्या पेटीकडे पाहिलं. "वापरणाऱ्याचं," ती म्हणाली. "पण लोक बोलतील. बाई स्वतःच्याच पाण्याने गेली म्हणतील. बघा बुवा."

"बघितलंय."

पण ते म्हणताना केतकीला बरं वाटलं नाही. आई आता उत्तर द्यायला येणार नव्हती. उत्तर न देऊ शकणाऱ्या माणसाच्या दारावर दिवा लावणं सोपं असतं, हे तिला समजत होतं. तरी दुसरं दार तिला सापडलं नाही.

अखाजी नळाच्या आदल्या दिवशी आली. केतकीने घागर भरली, वर लोटी ठेवली, लोटीवर खरबूज ठेवलं. आमरस केला, सांजोऱ्या केल्या. दारावर लाल दिवा. बोलावलेल्या बायका आल्या, पण भिंतीपाशीच घोटाळल्या. कोणाला उपास होता, कोणाला पित्त. आईच्या नावाने ताटावर बसली ती एकटी शकूमावशी. ताटात तिने काही ठेवलं नाही. शेवटी लोटी उचलून ती पाणी प्यायली. सगळ्यांना दिसेल अशी, सावकाश.

जेवण झाल्यावर केतकीने घागर उचलली आणि सगळं पाणी भिंतीवरून मावशीच्या कडुनिंबाच्या मुळाशी ओतलं. मग काथ्या घेऊन आत हात घातला आणि घासायला लागली. भिंतीपाशी कुजबुज झाली. पितरांची घागर अशी कोणी घासत नाही. शेवटचा थेंब झटकून तिने ती भिंतीवर पालथी घातली.

"पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच का गं?" हेमलताकाकू म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

"तुमच्या ड्रमात हात घालून बघा, काकू. पाण्याच्या रेघेच्या वर, आतल्या बाजूने. खरखरीत लागतंय का?"

काकू तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत घरी गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या अंगणातून प्लास्टिकवर काथ्या घासल्याचा आवाज येऊ लागला. आणखी एका अंगणातून आला. मग कुठून कुठून येतोय ते कळेना.

शकूमावशीने निळा ड्रम आडवा केला, अर्धी आत शिरून घासला आणि उन्हात पालथा टाकला. मग हंडे. मग कळशी. सगळं अंगण पालथ्या भांड्यांनी भरलं, तशी ती खाटेच्या काठावर टेकली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. ती भांड्यांकडे बघत होती. मग तिने मान वळवून नळाकडे पाहिलं. त्याची तोटी तिने सकाळीच उघडून ठेवली होती.

"केतकी," ती हळूच म्हणाली, "आणि उद्या नळच आला नाही तर?"